आजी कोकणीत, नात अहिराणीत

“मॅडम, मन्ही आंडेरले कोकणी येस, इतलंच लिखी द्या,” रेश्माचे वडील अहिराणीत म्हणाले. लेकीला कोकणी येते, एवढंच मी लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

ते एस.टी.त कंडक्टर, राहायला नंदुरबारला. लेकीची नर्सिंगची ॲडमिशन जमातीच्या दाखल्यावर अडली होती. दाखला तपासणाऱ्या साहेबांनी तिला कोकणीत बोलायला सांगितलं आणि ती गप्प बसली. साहेबांनी शेरा मारला: जमातीची भाषा येत नाही. ही कोकणी गोव्याची नव्हे, नवापूरकडच्या आदिवासी घरांत बोलतात ती. त्या शेऱ्यावर उत्तर म्हणून त्यांना माझा, म्हणजे भाषाशास्त्रज्ञाचा अहवाल हवा होता.

भाषाशास्त्रज्ञ म्हणजे दहा-बारा भाषा फाडफाड बोलणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. मला मराठी आणि इंग्रजी येतात, अहिराणी समजते, कोकणी तोडकीमोडकी. आमचं काम भाषा बोलण्याचं कमी आणि लोक कुणाशी काय बोलतात ते बघण्याचं जास्त.

मी त्यांच्या घरी बसून रेश्माला तिथल्या वस्तूंची कोकणी नावं विचारली. चार शब्दांनंतर तिची गाडी अडली. साहेबांचं चुकलं नव्हतं.

“मग आता?” वडिलांचा चेहरा उतरला.

“खोटं लिहिणार नाही. पण चहा घेऊन जाईन.”

चहाच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात बसले. खांडबाऱ्याकडच्या गावातून आलेली आजी तांदूळ निवडत होती. ती कोकणीत काहीतरी म्हणाली. रेश्मा उठली, फळीवरची चाळणी काढली. “हाई का दुसरी?” तिने अहिराणीत विचारलं. आजीने कोकणीतच तिला फटकारलं. मग शेजारणीबद्दल काहीतरी लांबलचक सांगितलं. मला निम्मं कळलं. रेश्मा मात्र शेवटच्या शब्दाला खो खो हसली.

मला तिथेच उत्तर मिळालं. शब्द पाठ करता येतात, पण दुसऱ्या भाषेतल्या विनोदावर वेळेवर हसण्याचं सोंग आणता येत नाही. आमच्या शास्त्रात अशा माणसाला पॅसिव्ह बायलिंग्वल म्हणतात. भाषा कानात पक्की असते, जिभेवर नसते. आजी बोलते, नात ऐकते आणि शाळा-गल्लीतल्या भाषेत उत्तर देते. मी अहवालात तेच लिहिलं. ‘बोलता येत नाही’ हेही लिहिलं. वडील माझ्याशी त्यानंतर जेमतेमच बोलले.

साहेबांनी माझ्यासमोरच अहवाल वाचला. “म्हणजे येत नाही, असंच ना?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “माय, मी काममा शे. सांजले फोन करस,” म्हणून त्यांनी तो ठेवला. ते इकडच्याच ब्राह्मणपुरीचे, घरी अहिराणी बोलणारे निघाले.

“तुमची मुलं आजीशी अहिराणी बोलतात?” मी विचारलं.

“एकच मुलगा, पुण्यात शिकतोय. समजतं त्याला सगळं. उत्तर मराठीत देतो.”

“मग तो तुमच्या घरातला नाही का?”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि फाइलवर नवी तारीख टाकली. मग म्हणाले, “पुढच्या तारखेला आजीला आणायला सांगा.”

त्या तारखेला आजी शेजारी असल्यामुळे रेश्मा साहेबांसमोरही निवांत बसलेली दिसली. साहेबांनी आजीला नातीशी काहीही बोलायला सांगितलं. आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक वाक्य टाकलं. रेश्माने तोंडावर हात दाबला.

“काय म्हणाल्या?”

रेश्मा वडिलांकडे बघायला लागली. त्यांनी मान खाली घातली.

“सांग. नाहीतर मी काय लिहू?”

“सर, आजी म्हणते, साहेब फार वाळलाय. घरी कुणी जेवायला घालत नाही वाटतं.”

एवढी कोकणी मलाही कळली होती, मी ‘बरोबर’ म्हटलं. साहेब हसले आणि त्यांनी आधीचा शेरा खोडला.

बाकीची कागदपत्रं धड होतीच, दाखला टिकला. रेश्मा आता नर्सिंगला आहे. रोज आजीला फोन करते, आजी कोकणीत बोलते, ती अहिराणीत. वडिलांनी मला पेढे दिले, पण ‘येत नाही’ लिहिल्याचा राग अजून धरून आहेत. त्यांचं मला पटतं. मलाही ते लिहिताना वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. भाषा येते का, हे एकट्या माणसाला विचारत नाही. त्या भाषेत त्याच्याशी बोलणारं माणूस आधी बोलावते. रेश्माची आजी ऐंशीच्या पुढची आहे. ती आहे तोवर रेश्माला कोकणी येते.