बटण दाबलं की हिशोब

त्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पोशेऱ्याच्या शाळेचं मुख्याध्यापकपद. फार हौस होती असं नाही. जव्हारच्या आसपासच्या शाळांत वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहून पाय दुखायला लागले होते, आणि बढतीचा कागद हातात पडला तेव्हा पहिल्यांदा मनात आली ती खुर्ची. पण पोशेरा पडलं मोखाड्याच्या बाजूला. तिथे खोली घेऊन आठवडाभर राहावं लागणार होतं. संमती लिहून द्यायला मे अखेरपर्यंतची मुदत होती. नाही म्हटलं की नाव यादीत पार तळाला जाणार, आणि ते पुन्हा वर येईपर्यंत मी निवृत्त झाले असते.

आडवी येत होती ती माझी दुसरी नोकरी. नवरा इलेक्ट्रिकचा कंत्राटदार. आश्रमशाळांची वायरिंग, ग्रामपंचायतीचे खांबावरचे दिवे, नळयोजनेच्या मोटारी, असली कामं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि धंद्याची वही माझ्याकडे सरकवली. त्यांच्या मते तो माझा गौरव होता. तेव्हापासून शाळा सुटली की घरी यायचं, कुकर लावायचा आणि वही उघडायची. बिलं, वायरची भेंडोळी, कर सल्लागाराला पाठवायचे कागद, माणसांची हजेरी. सगळं मीच. मला आठवतं ते एवढंच, की त्या वर्षांत मी कधी पाय पसरून बसले नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जिल्हा अजून ठाणेच होता आणि जव्हारमध्ये कम्प्युटर शिकवणारे क्लास निघायला लागले होते. "सॉफ्टवेअर घेऊ," नवरा म्हणाला. "एकदा ते बसलं की तू खुशाल पोशेऱ्याला जा. बटण दाबलं की हिशोब." इतक्या सहज म्हणाला की मला वाटलं, हे आधी का सुचलं नाही या माणसाला.

पहिला विक्रेता नाशिकहून आला. जीपमध्ये माणसांच्या मांडीवर कम्प्युटरचा डबा ठेवून आणला होता त्याने. आमच्या टेबलावर मांडामांड केली, तारा जोडल्या आणि लाइट गेली. तालुक्याला उजेड देणाऱ्या माणसाच्या घरात आम्ही सगळे घामेजून, अंधारलेल्या पडद्याकडे बघत बसलो. लाइट आली तेव्हा त्याने एका काल्पनिक दुकानाचा हिशोब करून दाखवला. साबण आणला, साबण विकला, शिल्लक इतका साबण. दिसायला फार सुरेख होतं.

"आमचं साबणासारखं नाही," नवरा म्हणाला. "पोशेऱ्याच्या कामाला वायर नेली. थोडी उरली. ती वांगणीच्या कामाला गेली. तिथून अर्धं भेंडोळं पोत्यात घालून परत आलं. तुमचा कम्प्युटर काय म्हणतो?"

"त्याची वेगळी नोंद करायची, साहेब. प्रत्येक वेळी."

"कोण करणार?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

दुसरा पर्याय गावातल्याच क्लासवाल्याचा. तो म्हणाला, मीच तुमच्यापुरता प्रोग्राम बनवून देतो, मराठीतून, तुम्हाला हवा तसा. नवरा खूश. क्लासवाला रोज संध्याकाळी यायचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवायचा आणि विचारायचा, "अजून काय काय हवं?" नवऱ्याला रोज नवीन काहीतरी आठवायचं. कुठल्या शाळेचं बिल कुठल्या साहेबाच्या टेबलावर अडकलंय तेही त्यात दिसावं, असं एक दिवस त्याने सांगितलं. मी क्लासवाल्याला एकच विचारलं, "उद्या हे बिघडलं तर?" तो म्हणाला, "मी आहे ना." आणि त्याच दमात म्हणाला की दिवाळीनंतर तो ठाण्याला जाणार आहे, तिकडे नोकरी बघितलीय.

मी नाशिकवाल्याच्या बाजूने उभी राहिले. त्याचं सॉफ्टवेअर कर सल्लागाराकडेही होतं. महिन्याला एक फ्लॉपी पाठवली की पुढचं तो बघणार होता. शिवाय थोडे जास्त पैसे दिले की मजुरीचा भाग मिळत होता. हजेरी भरली की प्रत्येक माणसाची चिठ्ठी छापून बाहेर. इंग्रजीत का होईना, पण छापून. नवरा म्हणाला, "इंग्रजीत कुणाला कळणार?" मी म्हणाले, "तुम्हाला आकडे कळतात ना? झालं तर." मी त्या दिवसांत कशालाही झालं तर म्हणत होते. खरं सांगायचं तर मला चांगलं सॉफ्टवेअर नको होतं. माझ्याशिवाय चालणारं हवं होतं.

सुट्टी लागल्यावर मी दुपारभर पंख्याखाली बसून सगळ्या जुन्या नोंदी आत भरल्या. डोळ्यांतून पाणी यायचं. कोपऱ्यात प्रिंटर बसला, त्यावर सासूबाईंनी विणलेला रुमाल आला. नवऱ्याला शिकवलं, इथे जा, हे दाब, मग हे दाब. तो टेस्टर धरावा तसा माउस धरायचा, जपून. पण जमलं त्याला. मग मी ठरवलं, येत्या बाजाराच्या दिवशी मी घरात थांबायचंच नाही. माझ्यावाचून तो एक दिवस नीट पार पडला, की दुसऱ्या दिवशी संमतीवर सही.

बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मजुरीचा हप्ता वाटायचा असायचा. वांगणीकडची, पोशेऱ्याकडची, आमच्या साखरशेतकडची माणसं बाजाराला येत आणि मीठ-मिरची घेऊन झाली की आमच्या ओट्यावर जमत. मी वही घेऊन बसायची आणि एकेकाचा आठवडा वाचायची. सोमवार, आश्रमशाळा, पूर्ण. तो म्हणायचा, "हां." मंगळवार, पूर्ण. "हां." सहा दिवसांना सहा हां झाले की हिशोब पटला, मग पैसे. कुणी उशिरा आलेला असला तर अर्धा खाडा. तिथे मी थांबायची. तो कारण सांगायचा, बाकीचे ऐकायचे, मग मी निकाल सांगायची. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं होतं की नाशिकवाल्याने, क्लासवाल्याने, कर सल्लागाराने कामाची यादी विचारली तेव्हा त्यात वाचनाचं नाव कुणीच घेतलं नाही. मीही नाही. मजुरी काढणे, असं सांगितलं आम्ही.

त्या दिवशी मी सकाळीच साखरशेतला बहिणीकडे गेले. जेवले, तिच्या पडवीत झोपले. भर दुपारी झोपायचं सुख काय असतं ते विसरलेच होते. संध्याकाळच्या एसटीने परतले. आळीच्या तोंडाशीच ओटा दिसला. सगळी माणसं बसलेली होती. बाजाराच्या पिशव्या कडेला लावून, निवांत.

आत नवरा प्रिंटरपुढे उभा होता. "चिठ्ठ्या दिल्या," तो म्हणाला. "घेतल्या. घडी करून खिशात घातल्या. पैशाचं पाकीट पुढे केलं तर हात लावत नाहीत. मला वाटलं काही चुकलं, म्हणून परत सगळ्या छापल्या. त्याही घेतल्या."

मी बाहेर आले. वांगणीचा एक जण, आमच्याकडचा जुना माणूस, मला बघून सरसावून बसला. "बाय आली," तो बाकीच्यांना म्हणाला.

"अरे, चिठ्ठी मिळाली ना? मग जायचं की घरी. गाडी चुकली ना आता."

"कागुद गावला," तो म्हणाला. "पन हिशेब कुठं आयकला? आयकल्याबिगर कसा जावा?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, संशय नव्हता. लग्नात अक्षता पडायच्या आधी कुणी उठून जात नाही, तसं ते बसले होते. मी त्याची चिठ्ठी मागून घेतली. नाव, दिवस साडेपाच, रक्कम. साडेपाच कुठले, कुठे, कुठला अर्धा गेला, काही नाही. बरोबरच होतं. मीच तसं भरलं होतं.

मी आत जाऊन हजेरीची वही आणली, ओट्यावर बसले, पान काढलं. तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याकडे लक्ष गेलं. दाराच्या चौकटीला टेकून तो उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला होता. आता सगळं मार्गी लागलं, असा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला इतका राग आला की मला स्वतःचीच भीती वाटली. पोशेरा गेलं, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं.

मी वही त्याच्यापुढे धरली. "तुम्ही वाचा."

"मी?"

"आठवडाभर कामावर तुम्हीच असता. वाचा."

तो बसला. घसा साफ केला. वांगणीवाल्याचं नाव घेतलं. सोमवार, आश्रमशाळा, पूर्ण. "हां." मंगळवार, पूर्ण. "हां." बुधवार म्हणाला आणि थांबला. बुधवारी अर्धा लिहिलेला होता. तो लिहायला मला त्यानेच सांगितलं होतं, घरात, हात धुताना, "त्याचा आज अर्धा टाक" म्हणून. नेहमीसारखं.

माणूस वाट बघत होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत राहिले.

"बुधवारी उशीर का झाला होता रे?" त्याने शेवटी विचारलं.

"पानी नव्हता पाड्यात. बायकोला ताप. मीच गेलू झऱ्यावं."

नवऱ्याने मान खाजवली. वहीत त्या अर्ध्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "पूर्ण."

"हां," माणूस म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता थोडा हसला.

पुढच्याचंही तसंच. त्याच्या पुढच्याचंही. जिथे जिथे अर्धा आला तिथे नवरा थांबला, कारण विचारलं आणि पूर्ण म्हणाला. त्या हप्त्याला एकालाही खाडा लागला नाही. मला हसू येत होतं आणि रडूही. इतकी वर्षं सगळे म्हणायचे, शेट मनाचा मऊ, बाय कडक. आणि मी तो कडकपणा कौतुक म्हणून घेत आले होते. अर्धा टाकायचा नवरा, घरात. माणसाच्या तोंडावर तो म्हणायची मी, ओट्यावर. एवढंच काम होतं माझं, बाकीचं सगळं वह्या आणि बिलं. आणि ते काम कम्प्युटरवर टाकता येईल, चिठ्ठी ते गुपचूप सांगून टाकेल, असं त्याला मनापासून वाटलं होतं. मलाही वाटलं होतं की.

वांगणीची माणसं त्या रात्री आमच्याच पडवीत झोपली. त्यांना पिठलं-भात केला, तोही मीच.

सकाळी चहा पिताना नवरा म्हणाला, "दर बाजाराला असं पूर्ण पूर्ण म्हणत बसलो तर धंदा चालायचा नाही."

"मग अर्धा म्हणा."

"मला नाही जमत."

"मला जमायचं असं वाटतं तुम्हाला?"

त्याने कप खाली ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारात पडला होता. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नव्हता, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यामुळे मला त्याची थोडी कीवही आली. प्रिंटरवर रुमाल तसाच होता. कम्प्युटरवरच्या बिलांचं, फ्लॉपीचं सगळं पुढे बरं चाललं, सॉफ्टवेअर काही वाईट नव्हतं.

मी कागद घेतला आणि टेबलावरच्या माउसशेजारी जागा करून संमती लिहिली. पोशेरा येथे हजर होण्यास माझी हरकत नाही. सही केली. आनंद वगैरे काही झाला नाही. बाजारातून येताना जड पिशवी कुणीतरी हातातून घ्यावी आणि तेव्हा कळावं की हात कधीचा बधिर झालाय, तसं झालं. मी बराच वेळ हात तसाच टेबलावर ठेवून बसले.