उतरत्या पाण्यावरचा आठवडा

वाशिंदचा कारखाना बंद पडला तेव्हा माझ्या नवऱ्याचं वय असं होतं की नवीन ठिकाणी कोणी घेईना आणि घरी बसणंही जमेना. तो फिटर होता. हाताला काम नसलं की चिडचिड करायचा. मग चिडचिडही थांबली आणि तो नुसता बसून राहायला लागला. शेणव्याच्या पुढे, धरणाच्या मागच्या अंगाला आमचं घर आहे. ओट्यावरून पाणी दिसतं. त्या पाण्याकडे बघता बघता त्याच्या डोक्यात लॉज आलं.

मुरबाडला माझं माहेर. तिथल्या कंपन्यांतले टाकाऊ निळे ड्रम माझ्या भावाने गोळा करून दिले. ड्रमांवर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर कुडाच्या दोन खोल्या आणि वर पत्रा. एका कोपऱ्यात माझी गॅसची शेगडी, पुढे बसायला मोकळी जागा आणि तिला कठडा. नवरा फोनवर त्याला तरंगतं लॉज म्हणायचा, मी तराफा म्हणायचे. गावापासून होडीने बरंच आत गेलं की दोन डोंगरांच्या मधे पाण्याचा एक फाटा शिरतो, तिथे तो बांधलेला होता. तिकडे रस्ता नाही, वीज नाही आणि फोनला रेंज एकाच टोकाला.

सुरुवातीला रविवारची गिऱ्हाइकं यायची. बाटल्या आणायची, गाणी लावायची. हातात गळ दिला तर तो धरून फोटो काढायची आणि परत द्यायची. नवऱ्याला ते पटत नव्हतं. हळूहळू तीही यायची थांबली. अशात कल्याणहून एका माणसाचा फोन आला. त्यांना आठवडाभर राहायचं होतं आणि तेही फक्त मासे धरायला. फोन ठेवल्यावर नवऱ्याने मला ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

"आठवडाभर, गो. दारू नाय, गाणी नाय. नुसते मासे."

"मे महिन्यात?" मी म्हटलं. "तेव्हा पानी कुठं असतं?"

"आपल्या फाट्यात असतं."

नसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. मे महिन्यात शहरांकडे पाणी सोडतात आणि आमच्या अंगाचं पाणी रोज खाली जातं. फाटा तर उथळच. पण त्या दिवशी त्याने बऱ्याच दिवसांनी दाढी केली होती, म्हणून मी पुढे बोलले नाही.

आटगाव स्टेशनवरून तो त्यांना घेऊन आला. बाप-लेक होते. बाप सत्तरीचे, बारीक, डोक्याला टोपी आणि हातात कापडी पिशवीत घातलेली गळाची काठी. मुलगा चाळिशीचा असेल. अंगाने भरलेला, चेहरा खूप झोपून उठल्यासारखा सुजट. होडीत तो तळाकडे बघत बसला होता. मी हात पुढे केला तेव्हा तो धरून वर आला, "थँक्यू" म्हणाला आणि जिथे उभा राहिला तिथेच उभा राहिला. शेवटी वडिलांनी खुर्ची सरकवली तेव्हा बसला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आहे आणि मुलगा बिचारा सोबत आलाय. पहिल्या दिवशी म्हातारे सकाळपासून काठी घेऊन कठड्यापाशी बसले. त्यांना ते येत नव्हतं हे मलाही कळत होतं. दोरी रिळावर गुंतायची. गळ लांब फेकायला जायचे आणि तो फळ्यांवरच पडायचा. नवरा दाखवायला पुढे गेला की म्हणायचे, "राहू द्या, मी बघतो." मुलगा बाजूच्याच खुर्चीत होता. त्याच्यासमोर ठेवलेल्या चहावर साय धरली, ती मी काढून टाकली, दुसरा चहा ठेवला, त्याच्यावरही धरली.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते तेव्हा म्हातारे माझ्यापाशी येऊन बसले. आत मुलगा झोपला होता.

"वहिनी, तुम्हाला वाटत असेल या माणसाला काही येत नाही आणि आठवडाभर कशाला आलाय."

"नाय हो, तसं कशाला वाटंल."

"काठी त्याची आहे," ते म्हणाले. "शाळेत असताना उल्हास नदीच्या काठावर तासन् तास बसायचा. मी ओरडायचो, अभ्यास बुडतो म्हणून. आता मी ती चुकीची धरून बसतो. कधीतरी तो म्हणेल, बाबा, असं नसतं, द्या इकडे."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मुलाने चांगली नोकरी सोडली होती. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. सून मुलीला घेऊन माहेरी गेली. तिचीही चूक म्हणता येणार नाही, ते म्हणाले, किती दिवस दाराबाहेरून हाका मारणार. डॉक्टर झाले, गोळ्या चालू होत्या. जेवायला दिलं की जेवायचा, विचारलं की "ठीक आहे" म्हणायचा, आणि खोलीत जायचा. आई नव्हती. घरात ते दोघंच.

मी तांदूळ निवडत राहिले. उन्हाने पत्रा तडतडत होता.

त्या दिवसानंतर मला म्हाताऱ्यांकडे बघवेना. ते दोरी मुद्दाम गुंतवायचे आणि हळूच मुलाकडे बघायचे. कणकेचा गोळा गळाला इतका मोठा लावायचे की तो पाण्यात पडताच सुटायचा. मुलगा बघायचा, पण समोरून म्हैस गेली तर बघावं तसा.

मासाही लागत नव्हता. पलीकडच्या वाडीतली एक बाई तिच्या होडीतून रोज आमच्या जवळून जायची. जाळी लावून पोट भरणारी. नवऱ्याने तिला विचारलं तर म्हणाली, "पानी तापलाय. मासा खाली बसलाय. गळाला आता नाय गावायचा." नवऱ्याचं तोंड उतरलं. लोक आठवडाभर आपल्या भरवशावर आलेत, आणि एक मासा नाही. त्याला म्हाताऱ्यांची गोष्ट मी सांगितली होती. त्यामुळे ते त्याला जास्तच लागलं असावं.

आठवड्याच्या मध्यावर त्याने एक गोष्ट केली. वाडीतल्या बाईकडून जिवंत कटला घेतला, चांगला मोठा. ओल्या गोणपाटात घालून पाण्यात बांधून ठेवला. दुपारी जेवणं झाली, बाप-लेक आडवे झाले. काठी कठड्याला बांधलेली, दोरी पाण्यात सोडलेली. नवरा चड्डीवर पाण्यात उतरला आणि मासा गळाला लावून आला. मी म्हटलं, "हे नको." तो म्हणाला, "एकदा लागू दे गो. एकदा काय झालं तर माणूस उठून बसंल."

काठी वाकली, कठडा वाजला. म्हातारे धडपडत बाहेर आले. आता त्यांना खोटं करायची गरज पडली नाही, त्यांना खरंच जमत नव्हतं. तोल जात होता. ते आत तोंड करून हाका मारत होते, "अरे ये, लागला बघ, ये लवकर." मुलगा बाहेर आला. म्हाताऱ्यांनी मासा कसाबसा वर ओढला. फळ्यांवर तो फारसा तडफडला नाही, दमलेला होता. म्हातारे माशाकडे बघतच नव्हते. मुलाकडे बघत होते.

मुलगा खाली बसला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने आपणहून कशाला हात लावला. मासा दोन्ही हातांत धरून त्याने कल्ल्यामागे अंगठा फिरवला. तिथे खवले निघालेले होते आणि जाळीच्या दोरीचे काप उमटलेले होते. त्याने गळ कुठे टोचलाय तेही बघितलं. मग वर न बघता म्हणाला, "जाळ्यातला आहे, बाबा."

"असेल," म्हातारे म्हणाले.

मुलाने मासा खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि तो खोलीत गेला. नवरा मागे उभा होता, चड्डीतून पाणी गळत होतं.

संध्याकाळी नवरा म्हाताऱ्यांपुढे जाऊन बसला. "माझी चूक झाली, काका."

"तुम्ही चांगल्या मनाने केलंत," ते म्हणाले. मग म्हणाले, "तसं मीही खोटंच करत होतो. त्याला तेही कळलं असणार. पहिल्याच दिवशी."

माशाचा रस्सा मी केला. टाकून काय करणार. मुलाने रोजच्यासारखा खाल्ला. नवऱ्याने हात लावला नाही. म्हाताऱ्यांनी काठी पिशवीत घातली ती पुन्हा काढली नाही.

आम्ही सगळे त्या माशात गुंतलो होतो, तोवर पाणी खाली गेलं होतं. सकाळी चहा ठेवला तर पातेलं शेगडीवर सरकलं. तराफ्याचा एक कोपरा बुडालेल्या शेताच्या जुन्या बांधावर टेकला होता. नवऱ्याने वाडीतली माणसं बोलावली. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बांबूने रेटत राहिली. ड्रम चिखलात रुतलेले, हलेनात. उन्हं चढली तशी माणसं निघून गेली. "पानी आल्याबिगर नाय हालायचा," त्यातला एक म्हणाला.

नवरा म्हाताऱ्यांना म्हणाला, "आज तुमाला आटगावला सोडतो. पैशांचं बघू नका."

"आठवडा ठरलाय ना," ते म्हणाले. "घरी जाऊन तरी काय करायचंय?"

म्हणून ते राहिले. तिरप्या फळ्यांवर आम्ही चौघं राहिलो. खुर्च्या सरकू नयेत म्हणून पायांखाली दगड लावले. पाणी रोज लांब जात होतं आणि मधे काळा चिखल उघडा पडत होता. त्यात शिंपले, कोणाची तरी चप्पल, एक फुटका माठ. वास येत होता. मुलगा त्या चिखलाकडे बघत बसायचा. मी मधूनच विचारायचे, "भाऊ, काही हवं का?" "नको. ठीक आहे."

निघायच्या सकाळी होडी तराफ्यापर्यंत येईना. नवऱ्याने चिखलावर फळ्या टाकल्या, एकापुढे एक, होडीपर्यंत. तो सामान घेऊन पुढे गेला, मागे मुलगा, मागे म्हातारे, शेवटी मी. मधेच मुलगा थांबला. पाय घसरला म्हणावं तर तसं दिसलं नाही. फळी संपली नव्हती. तो बाजूला उतरला. एक पाय टाकला, मग दुसरा. गुडघ्यांपर्यंत गेला, मग मांड्यांपर्यंत. आणि हात खाली सोडून उभा राहिला.

नवरा सामान टाकून मागे आला. "भाऊ, हात द्या."

"राहू द्या."

"अहो, अजून आत जाल. हात द्या इकडं."

"राहू द्या ना," तो म्हणाला. रागाने नाही. दमलेला माणूस बसची वाट बघत उभा असतो, तसा तो उभा होता.

तेवढ्यात म्हातारे उतरले. मी त्यांचा सदरा धरला तो हातातून सुटला. त्यांचं हलकं अंगही चिखलाला पेलत नव्हतं. तोल सांभाळत ते मुलापर्यंत गेले आणि त्याचं मनगट धरलं.

"बाबा, तुम्ही कशाला उतरलात?"

"मग काय करू?" ते म्हणाले.

दोघं तसेच उभे राहिले. नवरा फळ्या उचलून त्यांच्याभोवती टाकत होता. मुलाने वडिलांच्या पायांकडे पाहिलं. त्यांचा श्वास लागला होता. मग तो म्हणाला, "आधी यांना काढा." आम्ही दोघांनी म्हाताऱ्यांना वर ओढलं. त्यांनी मनगट सोडलं नाही, म्हणून मग त्यालाही यावंच लागलं. पाय निघाले, बूट आत राहिले.

होडीत म्हातारे ओंजळीने पाणी घेऊन मुलाच्या पायांचा चिखल धूत होते. तो नको म्हणाला नाही. स्टेशनवर नवऱ्याने त्याला वाटेत आमच्या घरून घेतलेली माझ्या भावाची जुनी चप्पल दिली. गाडी आली, ते बसले. खिडकीतून म्हाताऱ्यांनी हात केला.

पुढे पावसाळ्यात पाणी वाढलं तेव्हा एक बाजू चिखलातच अडकली आणि दुसरी वर उचलली गेली. मधला सांगाडा मुडपला. कुडाच्या खोल्या वाहून गेल्या. नवऱ्याने काठावरून ते बघितलं आणि घरी येऊन झोपला. आता तो वाशिंदला एका नव्या सोसायटीच्या गेटवर असतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. काय झालं दिवसभर, विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं.

दिवाळीनंतर म्हाताऱ्यांचा फोन आला. तुमचं लॉज चालू आहे का, म्हणाले. मी सांगितलं, मोडलं.

"अरेरे," ते म्हणाले. "मग दुसरीकडे बघतो कुठेतरी. भंडारदऱ्याला असतं म्हणे काही."

"भाऊ कसे आहेत?"

"आहे. खोलीत आहे."

मी म्हटलं, एकदा त्यांना घेऊन आमच्या घरी या, पाण्यावर नको, घरीच. ते हो म्हणाले. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"ठेवतो," ते म्हणाले, "भात झाला."