शिकागोचं विमान आणि गंगेचा गडू

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, शिकागो कुठं लांब आहे, एका दिवसाचा तर प्रवास!" तुमचे बाबाही हेच म्हणत. हवेतून तेरा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तासांचं उड्डाण. तिकीट मिळेपर्यंतचा वेळ, धुकं, पुढच्या विमानाची वाट, हे त्या हिशेबात कुणी धरत नाही. तुमच्या आजोबांच्या शेवटच्या आजारात ते सगळं माझ्या वाट्याला आलं, आणि देवावरचा माझा विश्वास पार पातळ झाला.

क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती. आजोबांच्या उशाशी काशीहून आणलेला, तोंडाला कथलाचा डाख देऊन बंद केलेला गंगेचा गडू मी ठेवला होता. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं, अशी आपल्याकडची रीत. त्यांनी दोनदा गडूकडे बोट दाखवलं. "दे आता." मी म्हणाले, "थांबा, तो शिकागोहून निघालाय." गंगा दिली म्हणजे त्यांना जायची मोकळीक दिली, असं मला वाटे. एकेका श्वासासाठी त्यांची ओढाताण चालली होती, आणि मी घृष्णेश्वराला एवढंच मागत होते, की विमान वेळेवर आण.

सकाळी बाबांचा फोन आला. दिल्लीला दाट धुकं, विमान जयपूरला उतरवलं होतं. मला देवाचा इतका राग आला की हातातली जपमाळ मी पर्समध्ये कोंबली.

पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको हे पाहत होती. माझ्याच वयाची, बुरख्यातली; आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नव्हतं. ती जवळ आली.

"मांग रहे ना उनो? कायकू नैं देते?"

"मुलाच्या हातचं द्यायचं असतं. तो विमानात आहे."

"बेटा आसमान में, हौर ये यां तडप रहे. कब तक पकड के रखते, बाई? मेरे मियाँ मेरी चाय में सौ नुक्स निकालते, पन पीते मेरेच हाथ की."

मला हसू आलं, आणि त्यामागोमाग रडू. गडूचा डाख माझ्या हातानं निघेना. तिनं ओढणीची पिन काढून तो टोचला, गडू माझ्या हातात दिला आणि आजोबांची मान आपल्या तळव्यावर उचलून धरली. "लेओ, तुमीच पिलाओ." त्यांनी दोन चमचे घेतले, माझ्याकडे पाहिलं. श्वासाची ओढ हळूहळू शांत झाली. दुपारी ते गेले.

बाबा दुसऱ्या दिवशी पोचले. फुटलेला डाख पाहून म्हणाले, "आई, माझ्यासाठी थांबली नाहीस?"

"ते थांबले होते रे," मी म्हणाले. "मीच थांबवलं होतं."

मी मागितलं ते देवानं दिलं नाही, हा सल अजून आहे. पण त्या बाईला मी देवाकडे मागितलंही नव्हतं, आणि ती आली. तिच्यासाठी मी रोज हात जोडते. माझी वेळ येईल तेव्हा तुम्ही तिकिटासाठी धावू नका. शेजारी जे कोणी असेल, त्याच्या हातचं पाणी मला चालेल.