तिसऱ्या पायरीचं गाणं

उबोन शहरात खाम्फन गुरुजींचं नाव ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही, आणि चेहरा ठाऊक असलेले पंचवीससुद्धा निघायचे नाहीत. गाणी लिहिणाऱ्याचं असंच असतं. कॅसेटच्या वेष्टनावर गायिकेचा फोटो पानभर आणि लिहिणाऱ्याचं नाव मुंगीएवढं, तेही आतल्या घडीत. गुरुजींची त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. पुढे यायची वेळ आली की ते पाठ दुखते म्हणून घरी बसत.

बँकॉकच्या कंपनीतून निरोप यायचा: चार रडकी, तीन नाचाची, एक आईवरचं. गुरुजी बनियनवर ओट्यावर बसून आठवड्यात सगळा ऐवज पुरा करत. चालायची ती रडकीच. त्यातली बाई नेहमी कुणाची तरी वाट पाहत असायची, कुरकुर न करता. एकदा रेडिओवाल्याने विचारलं, "गुरुजी, बाईच्या पोटातलं तुम्हाला कसं हो कळतं?" गुरुजींचे कान लाल झाले. रेडिओवाल्याला वाटलं, काय विनय आहे माणसाचा. विनय कसला, चोराला कुणी गाठोड्यात काय आहे विचारल्यासारखं झालं होतं ते.

खाम्फन बावीस वर्षांचा असताना नुकता भिक्खूचं चीवर उतरवून विहारातून घरी आला होता. अक्षर देखणं, काम काही नाही. त्या काळी गावातले निम्मे पुरुष सौदीला बांधकामावर गेलेले, आणि त्यांच्या बायका चौथी शिकलेल्या, अडखळत वाचणाऱ्या, पण लिहायचं म्हटलं की हात जड होणाऱ्या. खाम्फन त्यांची पत्रं लिहून द्यायचा. कुणी त्याला पपई द्यायचं, कुणी वाफवलेल्या चिकट भाताची टोपली.

बुआलाय त्यातलीच. पंचविशीची, तोंडाने फटकळ, कडेवर फिकुन नावाची दोन वर्षांची पोर. नवरा थोंगदी दोन वर्षं तिकडे होता आणि करार संपत आला होता. तिच्या घराच्या शिडीची तिसरी पायरी तुटलेली होती. जाताना तो आल्यावर बसवतो म्हणाला होता, आणि ती पोर घेऊन रोज त्या खाचेवरून उडी मारत होती. तिने सांगितलेलं पत्र खाम्फनने एका बैठकीत लिहिलं. लिहिताना त्याच्या अंगावर काटा आला, आणि दुःखाची गोष्ट ही की तो काटा बुआलायसाठी आला नव्हता. ह्याचं गाणं होईल, एवढंच त्याच्या मनात आलं.

परदेशी पत्राची तिकिटं शहरातच मिळत, म्हणून पत्र घेऊन तो उबोनच्या बसमध्ये बसला. बस अर्ध्या वाटेवर येईतो चाल सुचली होती. स्टँडवर एका गाणाऱ्या टोळीचा ट्रक बँकॉकला निघाला होता, त्यात ओळखीचा ढोलकीवाला होता. पोस्ट शंभर पावलांवर होतं. पत्र बँकॉकहून टाकू, असं म्हणून खाम्फन ट्रकमध्ये चढला.

कंपनीच्या माणसाने गाणं ऐकलं आणि शेवट बदलायला लावला. बाई नवऱ्याला ये म्हणते, हे त्याला रुचेना. वाट पाहणारी बाई विकली जाते, म्हणाला. खाम्फनने तिथल्या तिथे शेवट फिरवला. गाण्यातली बाई म्हणू लागली, पायरी राहू दे तुटकी, नवं घर उभं राहीपर्यंत मी थांबेन. ते गाणं त्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजलं. आणि गाणं एक सांगतं, पत्र दुसरंच, मग आता ते पत्र कुठल्या तोंडाने टाकायचं? ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं.

वाळवंटातल्या छावणीत कुणीतरी ती कॅसेट नेली. थोंगदीने घरी लिहिलं, गाणं ऐकलं, पायरीवरून ओळखलं की हे तुझंच, तुझं मन कळलं, आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे. दोनाची चार झाली. तो परतला तेव्हा सहा वर्षांची फिकुन त्याला काका म्हणाली. बुआलायही त्याच्याशी सरळ बोलेना. तीन महिने पाहुण्यासारखा राहून तो दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर गेला. दर नववर्षाला सोंगख्ला बंदराहून लेकीच्या नावे एक कार्ड येई, बाकी काही नाही.

हे सगळं खाम्फनला गावाकडच्या माणसांकडून कळत होतं. त्याने उबोनमध्ये घर बांधलं, शिष्य जमवले, पण गावाला जायचं तो टाळू लागला. आईच्या अंत्यविधीलासुद्धा सकाळी जाऊन दुपारी परतला, कारण संध्याकाळी बायका जेवण रांधायला येणार होत्या आणि त्यांत बुआलाय असणार होती.

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपायच्या आधी, गाण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, एका गुरुवारी शिष्य गुरूकडे ताट घेऊन येतात. ताटात फुलांच्या पाच जोड्या, मेणबत्त्यांच्या पाच जोड्या. जे गाणं मागायचं ते शिष्य सांगतो. गुरूने ताट उचलायचं आणि गाणं ज्याच्याकडून आलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मगच ते शिष्याने मंचावर म्हणायचं. पायरीचं गाणं कुणी मागितलं की गुरुजी आपल्या दिवंगत गुरूचं नाव घेत. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने ते गाणं कधी ऐकलंही नव्हतं. आणि बिस्किटांचा डबा, हा विधी ज्या देव्हाऱ्यापुढे चाले त्याच्याखाली, गुरूंच्या तसबिरींच्या पायाशी होता. दरवर्षी गुरुजी तिथे कपाळ टेकत तेव्हा नाक डब्यापासून वीतभर अंतरावर येई.

त्या वर्षी रांगेत एकोणीस वर्षांची एक पोर ताट घेऊन बसली होती, आणि तिच्या मागे काठाचं रेशमी वस्त्र नेसलेली बुआलाय.

"वहिनी, एवढ्या लांब कशाला आलात तुम्ही?" ते कसंबसं म्हणाले.

"वा, माझ्या एका पायरीवर गुरुजींनी एवढं घर उभं केलं, ते बघायला नको?" अंगण हसलं. "ही फिकुन. म्हणते, पहिलं गाणं आईचंच गाणार."

शिष्यांनी तिला घेरलं. ती पायरीवाली बाई खरोखरची आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बुआलायही खुलली. गाण्यात मी फार शहाणी दाखवलेय, ती म्हणाली, गाणं गोड असावंच लागतं, त्याला माझी हरकत नाही. "पण पत्रात मी खरं तेच लिहवून घेतलं होतं. ये म्हटलं होतं. त्यानं वाचलं आणि गिळलं, उत्तरात त्याबद्दल एक अक्षर नाही. मग गाण्याला कशाला बोल लावायचा? माणूसच तसा निघाला."

तिने शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींनी मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. पण ती त्यांची बाजू घेत होती, आणि ते ऐकताना आपण किती हलके आहोत हे त्यांना सतरा वर्षांत प्रथमच पुरतं कळलं. फिकुनने ताट पुढे सरकवलं. गुरुजींचे हात मांडीवरून हलेनात. आता गुरूचं नाव घेतलं की सुटलो, बाई हसत घरी जाईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग ते उठले, देव्हाऱ्याखालून डबा ओढला आणि पाकीट फिकुनच्या हातात दिलं.

पाकिटावर सौदीचा पत्ता होता, तिकीट नव्हतं. "वाच," बुआलाय म्हणाली.

फिकुनने वाचलं. "थोंगदी, करार संपला की नीघ. नवं घर नको, छपराला पत्रा नको. लोक काय आणलं विचारतील, त्यांना मी बघून घेईन. रिकाम्या हातांनी ये. पोरगी आता बोलायला लागलीय, बाबा म्हणायला तिला माणूस पाहिजे. आलास की आधी तिसरी पायरी बसव, मग जेवायला बस."

बुआलायने पाकीट घेऊन उलटंपालटं केलं, तिकिटाच्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला.

"म्हणजे त्याला माहीतच नाही," ती म्हणाली. मग गुरुजींकडे वळून म्हणाली, "तो आला तेव्हा तीन महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही, खाम्फन. तो विचारत होता काय झालं, आणि मी म्हणत होते, तुला ठाऊक आहे."

गुरुजी आता गुरुजी राहिले नव्हते. "टाकणार होतो, वहिनी, रोज मनात—" त्यांनी सुरुवात केली.

"गाणी नको सांगूस. कागद आण."

त्यांनी कागद आणला. शिष्यांच्या देखत, जमिनीवर मांडी घालून, बावीस वर्षांचे असताना बसत तसे ते बसले. लाजेने डोळ्यांपुढे अक्षरं पुसट होत होती. बुआलाय सांगू लागली.

"थोंगदी, सोबतचं पत्र सतरा वर्षांपूर्वीचं आहे. ते तुला मिळालंच नाही. तू वाचून आला नाहीस असं मी धरून चालले, ती माझी चूक. गाण्यातली शेवटची ओळ माझी नव्हती. आता यायचं की नाही ते तू बघ. पायरी मी कधीच बसवून घेतली."

लेखणी थांबली. पुढे एखादी ओळ हवी, कानाला बरं वाटेल असं काहीतरी, असं त्यांच्या हाताला वाटत होतं. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"ह्यानं पदरचं काही घातलंय का बघ," बुआलाय लेकीला म्हणाली. फिकुनने ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग तिने ताट गुरुजींच्या पुढ्यातून उचललं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि हात जोडून डोकं टेकलं.

दोन्ही पत्रं एका पाकिटात गेली, वर सोंगख्लाचा पत्ता लिहून झाला. गुरुजींनी सवयीने हात पुढे केला. "पोस्ट इथं कोपऱ्यावरच आहे, वहिनी. मी टाकून येतो."

बुआलायने त्या हाताकडे पाहिलं आणि पाकीट फिकुनकडे दिलं.