वजन झाल्यावरचं एक बटर

माझी आई बेकरीत पॅकिंगच्या टेबलावर अकरा वर्षं बसली आणि ज्या मशीनने त्या टेबलाची जागा घेतली, ते मशीन मी चालवते. हे वाक्य मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, गुडघे दुखायला लागले म्हणून तिने काम सोडलं. तिचे गुडघे दुखतात हे खरं आहे, त्यामुळे खोटं पचून जातं.

बेकरी जळगावच्या एमआयडीसीत. टोस्ट, खारी, नानकटाई सगळंच निघतं, पण नाव आहे ते जिरा बटरचं. पावाला लावायचं ते बटर नव्हे. हे चहात बुडवून खायचं, आवळ्याएवढं गोल आणि खडखडीत, दात सांभाळून खावं असं. टेबलाला सहा बाया होत्या. समोर बटरचा ढीग, हाताशी आकडे दाखवणारा छोटा काटा आणि त्यावर पिशवी. दोनशे ग्रॅम भरले की पिशवी सीलसाठी पुढे सरकवायची. दोनशेच्या खाली एकही पिशवी जाता कामा नये, एवढा एकच नियम. आईच्या हाताला तर काट्याची गरजच नव्हती. पाच मुठी, सहावी अर्धी, आणि मग एकेक सोडत ती दोनशेला पोचायची. बाकीच्या बाया तिला अक्का म्हणायच्या आणि पिशवीवरून वाद झाला की तिच्याकडे आणायच्या.

तिची एक खोड होती. प्रत्येक क्रेटमधली पहिली पिशवी भरली की ती ‘एक’ म्हणायची नाही, ‘लाभ’ म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं. तिथे खळ्यावर तिचे वडील धान्य मापताना असंच मोजायचे आणि पहिलं माप शीग लावून, काठावर रास येईल असं भरायचे. त्या हिशेबाने आई लाभाच्या पिशवीत वजन पूर्ण झाल्यावरही वर एक बटर टाकायची. मालकांना हे ठाऊक होतं. बेकरीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते हसून म्हणायचे, “अक्का, तुमच्या लाभात माझा तोटा आहे.” आई म्हणायची, “तोटा नही व्हस भाऊ, पोरे खातीन.” क्रेटमागे एक बटर, त्याचं काय एवढं, म्हणून तेही सोडून द्यायचे.

मी धुळ्याला डिप्लोमा केला आणि आठ महिने घरी बसले. घरी बसलेल्या पोरीला काय काय ऐकावं लागतं ते सांगत नाही, कारण आईने त्यातलं एकही अक्षर कधी उच्चारलं नाही. बोलायचे ते शेजारी. त्याच दिवसांत बेकरीत वजन करून पिशवी भरणारं मशीन येणार अशी कुणकुण लागली. टेबलावरच्या बाकी पाच जणी काम जाणार म्हणून आपसांत कुजबुजायला लागल्या. आमच्या मातोश्री मात्र तडक केबिनमध्ये गेल्या. “भाऊ, मशीन येनारच शे ना? मंग मनी पोरले ठेवा त्यावर.” आपल्या हातातलं काम जाईल हे तिच्या डोक्यात आलंच नसेल का? आलं असणार. इतकी ती भोळी नाही. पण माझं नाव आधी आलं, आणि मला नोकरी लागली ती अशी.

मशीन खूप उंच, वरच्या बाजूला गोलाकार लावलेल्या चौदा वाट्या. बसवायला आलेल्या माणसाने मला महिनाभर शिकवलं. मी घरी येऊन आईला सांगायचे, कारण दुसऱ्या कुणाला त्यात रस नव्हता. “समज, चौदा बाया गोल बसल्यात. प्रत्येकीच्या ओंजळीत थोडं थोडं बटर. मशीन सगळ्यांचं वजन घेतं आणि हिशेब करतं की कोणत्या चौघींची ओंजळ एकत्र केली तर बरोबर दोनशे होतील. तेवढ्याच चौघी ओततात.” आई भाकरी थापता थापता थांबली. “मंग त्या चौदा जणी आपसमा बोलतस का?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मंग त्यासना दिन कसा जास?” मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी बेकरीत हाच विनोद सगळ्यांना सांगितला, तेव्हा बायाही हसल्या.

मशीन सुरू करायच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला बोलावलं. त्यांना टेबल पूर्ण बंद करायचं नव्हतं. पिंपळनेरकडच्या, फैजपूरकडच्या लहान दुकानदारांच्या छोट्या ऑर्डरी असतात, त्या हातानेच भरलेल्या बऱ्या, असं त्यांचं मत होतं. फक्त हाताचं वजन किती पुढे जातं ते त्यांना पाहायचं होतं. “दोन-तीन ग्रॅमच जास्त जात असेल तर टेबल राहील. उद्या दोन्हीकडच्या शंभर-शंभर पिशव्या वजन कर. बायांना सांगू नकोस, रोजच्यासारखं भरू दे त्यांना.” मी म्हटलं, हो भाऊ. आईचा हात मला माहीत होता. दोन-तीन ग्रॅमच्या वर तो जायचाच नाही. त्यामुळे काळजीसारखं काही वाटलं नाही, आणि घरी मी गप्प राहिले.

सकाळी मशीनची पूजा झाली. नारळ भाऊंनी फोडला, हळदकुंकू मात्र आईच्या हातून लावलं, कारण बायांत ती सगळ्यांत मोठी. मशीनला लावलं आणि वळून तोच अंगठा माझ्या कपाळाला टेकवला. मग ती टेबलावर जाऊन बसली आणि मी बटण दाबलं.

दुपारी मी मोठ्या काट्याजवळ उभी राहिले. भाऊ शेजारी वही घेऊन. आधी मशीनच्या पिशव्या. दोनशे एक, दोनशे, दोनशे एक, दोनशे दोन, दोनशे. मी आकडे मोठ्याने वाचत होते. मग टेबलाचा क्रेट आला. दोनशे आठ. दोनशे नऊ. दोनशे सात. दोनशे दहा. भाऊंनी चष्मा वर केला. “आज काय झालं यांना?” मी मान वळवून टेबलाकडे पाहिलं. आई पिशवी भरत होती. काटा दोनशेच्या पुढे गेला, तरी तिने ढिगातलं आणखी एक बटर उचललं, माझ्या मशीनकडे बघितलं, ओठ हलवले आणि ते पिशवीत सोडलं. शेजारची तेच करत होती. तिच्या पलीकडचीही. सहाही जणी.

मला तिथल्या तिथे कळलं. पोरीच्या मशीनचा पहिला दिवस, म्हणून आईने आज प्रत्येक पिशवी लाभाची धरली होती, आणि टेबलाला तसं सांगून ठेवलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. भाऊ, हे आजच्यापुरतं शकुनाचं आहे, उद्या पुन्हा वजन करू. भाऊ ऐकणारे आहेत, त्यांनी ऐकलं असतं. मी बोलले नाही. का बोलले नाही याची कारणं नंतर मी पुष्कळ जमवली. नवी नोकरी होती, आईची बाजू घेतली असं दिसलं असतं, खोटे आकडे द्यायची मला सवय नाही, वगैरे. सगळी कारणं बरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं हे की मशीनचे आकडे वाचताना मला आनंद होत होता. आठ महिने घरी बसलेली मी, माझं काहीतरी ग्रॅमाला ग्रॅम बरोबर येत होतं आणि समोरच्यांचं चुकत होतं. समोर कोण आहे हे मला दिसत होतं. तरी मी पुढचा आकडा वाचला. शंभर पिशव्या होईपर्यंत वाचत राहिले. याची मला लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

आठवड्याने टेबल उचललं. तिघी तरुण बायांना खोकी भरायला घेतलं, ते काम उभ्याने करायचं असतं. बाकी तिघी घरी. भाऊंनी प्रत्येकीला साडी दिली, वाईट वाटतंय असं म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. आईने साडी घेतली आणि काहीच विचारलं नाही. रिक्षात मी तिच्या शेजारी बसले होते, तेव्हाही नाही.

घरी बसल्यावर ती बदलली. भांडणतंटा नाही, रडणं नाही. सकाळी उठून माझा डबा करायची, पण तांदूळ किती घेऊ ते मला विचारायची. सहा जणींचं टेबल चालवणारी बाई दोघींपुरता तांदूळ विचारून घेते म्हटल्यावर मला राग यायचा. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली की डबा पुढे करून म्हणायची, “तूच भरी ले वं.” पूर्वी हीच वाटी ती शीग लावून द्यायची. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, माझ्यावरचा राग असा काढते आहे. चिडून एकदा म्हटलंसुद्धा, “हाताला काय झालंय तुझ्या?” ती हाताकडे बघत राहिली आणि उठून अंगणात गेली.

असं वर्ष गेलं. एकदा माझी सुट्टी होती. दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. तिने शेंगांवरची नजर न काढता विचारलं, “त्या दिनले आमनं वजन कमी भरनं व्हतं का?”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातली शेंग तशीच राहिली. वर्षभर तिच्या डोक्यात हे होतं. पिशव्या काट्यावर गेल्या, भाऊंनी चष्मा वर केला, आणि टेबल गेलं. म्हणजे टेबलावरच्या छोट्या काट्याने काहीही दाखवलं असलं, तरी मोठ्यावर माप कमी पडलं. तिच्या लेखी दुसरं कारण असूच शकत नव्हतं. आपल्यामुळे टेबल उचललं आणि आणखी दोघी घरी बसल्या, असं धरून ती बसली होती.

“कमी नव्हतं गं आई. एकही पिशवी कमी नव्हती.”

“मंग त्यासनी टेबल का बंद करं?”

मग मी सगळं सांगितलं. जास्त भरलं होतं, प्रत्येक पिशवीत एकेक बटर जास्त होतं, ते तू माझ्यासाठी टाकत होतीस, मी बघितलं आणि भाऊंना बोलले नाही. रडत सांगितलं. वाटलं, ती मला मारेल किंवा जवळ घेईल, दोन्ही चाललं असतं.

तिने पदराने माझं तोंड पुसलं. “जास्त दिधं म्हनीसन कोनी काढस का?” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे बेटा. मना जिवाले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगी राहिनी तू.”

मी शपथ घेतली. ती हसली आणि पुढची शेंग फोडायला लागली. आता तर ती हे बोलणंही टाळते. आजही तिची खात्री आहे की त्या दिवशी तिच्या हातून माप कमी पडलं, आणि मी ते झाकते आहे.