चुलीवरची पुस्तकं

एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही गोष्ट. रत्नागिरीच्या एका मुलींच्या शाळेत मला ग्रंथालयाच्या कामावर उमेदवार म्हणून घेतलं, तेव्हा माझ्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि पदरी फक्त मराठी सातवीचा दाखला होता. सासर पूर्णगडच्या खाडीपलीकडे. नवरा गेल्यावर मी मावशीकडे आले होते. थोरले दीर मला परत न्यायला आले, तर मावशीनं त्यांना ओटीवरच थोपवलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी शब्द टाकलाय, काम शिकू द्या तिला, म्हणाली.

दीर माझ्याशी थेट बोलत नसत. मी दारात उभी असतानाच ते मावशीला म्हणाले, "तिला सांगा, दसऱ्यापर्यंत नोकरी कायम झाली तर राहा म्हणावं. नाहीतर दसऱ्याला मी येतो. ट्रंक भरून ठेवायला सांगा."

सासरी मला कुणी मारलं नव्हतं की उपाशी ठेवलं नव्हतं. पण सामान बांधून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा जरी माझ्या हातात दिसला, तरी सासूबाई म्हणत, "आण इकडे, चूल पेटवायला होईल." नवरा होता तोवर तो मुंबईहून येताना दोनचार पुस्तकं आणायचा. तो गेल्यावर तीही कुठे गेली कळलं नाही. मला त्या घरात परत जायचं नव्हतं. देवाला हात जोडले की हे एकच मागणं ओठांवर यायचं, आणि मागताना मला मेलेल्या नवऱ्याची लाजही वाटायची.

काम शिकवायला एक म्हातारे मास्तर नेमले होते. मुलांच्या शाळेचं ग्रंथालय त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं आणि आता मुलींच्या शाळेचंही तेच बघत. तपकीर ओढत, पण पुस्तकापासून हातभर लांब जाऊन. मला पुस्तक कधी हातात देत नसत. टेबलावर ठेवायचे, मग मी उचलायचं. नवं पुस्तक एकदम उघडायचं नाही, पुढची थोडी पानं दाबायची, मग मागची, असं करत मध्यावर यायचं, म्हणजे पाठ मोडत नाही, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. बोटाला थुंकी लावून पान उलटणारीला पुन्हा पुस्तक द्यायचं नाही, हे दुसऱ्या. माणूस वाईट नव्हता. पुस्तकावर त्यांची माया होती, वाचणाऱ्यावर तितकीशी नव्हती.

वैशाख संपत आला तशी त्यांनी मला पुस्तकं निजवायला शिकवली. त्यांचाच शब्द तो. आधी अंगणात चटयांवर पुस्तकं उन्हाला घालायची. निवली की कपाटात वेखंडाची पूड टाकून रचायची. मग किडीसाठी मोरचूद घातलेली पिठाची खळ शिजवायची आणि कपाटाच्या फटीफटीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून टाकायच्या. मृग लागायच्या आत कपाटं निजायची, ती दसऱ्याला सरस्वतीपूजनालाच उठायची. आमच्याकडच्या पावसाळ्यात वहाणांवर बुरशी चढते, काडेपेटी पेटत नाही, खुंटीवरचं लुगडं आंबूस होतं. तेव्हा मास्तरांचं काही चुकत होतं असंही नाही.

पट्ट्या चिकटवता चिकटवता मी विचारलं, "मग तोवर मुलींना पुस्तकं कशी द्यायची?"

"द्यायची नाहीत," मास्तर म्हणाले.

खळीचा ब्रश माझ्या हातातच राहिला. माझ्या नशिबाचा निकाल दसऱ्याला लागायचा होता. त्या दिवशी शाळेची चालक मंडळी विचारणार, या बाईनं काय काम केलं? तर काय सांगायचं, कपाटांना चिकटवलेले कागद राखले? त्यासाठी बाई कशाला हवी, एक कुलूप पुरे. मला ज्या दिवसांत स्वतःला सिद्ध करायचं होतं, नेमके तेच दिवस मी माझ्या हातानं खळ लावून बंद करत होते. माझं डोकं तापलं. मी ब्रश ठेवला आणि तडक मोठ्या बाईंकडे गेले.

"गोष्टींचं नि प्रवासाचं कपाट निजवायचं नाही," मी म्हटलं. "त्यातली पुस्तकं मुलींना घरी देऊ या. शनिवारी शाळेत आणतील, आपसांत बदलतील, परत घरी नेतील. घरी चुलीवरच्या फळीवर ठेवायची. पापड, सांडगे, काडेपेट्या तिथे पावसाळाभर कोरड्या राहतात, तर पुस्तक का नाही राहणार?"

मास्तर मागोमाग आलेच होते. "पुस्तकं म्हणजे आमसुलं नव्हेत धुरावर धरायला!" ते ओरडले. मी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "ने एक कपाट. बिघडलं तर तुझ्या माथी."

तो पावसाळा मी काळजीत काढला, पण एवढी सुखाची काळजी मला पुन्हा लाभली नाही. शनिवारी मुली इरल्याखाली, पोलक्याच्या आत, केळीच्या पानात गुंडाळून पुस्तकं घेऊन यायच्या. एकमेकींच्या हातातून ओढायच्या. "बाई, तो वादळातून सुटतो की नाही, तेवढं सांगा," म्हणायच्या. मी सांगत नसे. पुस्तकांना धुराचा वास लागायला लागला, पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. पण बुरशीचा ठिपका नाही. मी प्रत्येक पुस्तक नाकाशी धरून बघायची आणि तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

भाद्रपदात घात झाला. बंदराकडची एक मुलगी होती, बाप मचव्यावर खलाशी. प्रवासाचं एक जाड पुस्तक तिनं नेलं आणि मी सांगितल्याप्रमाणे चुलीवरच्या फळीवर ठेवलं. तिच्या घरच्या फळीवर पापड नव्हते, सुके बांगडे होते. अर्धं वाचून झालं तोच शनिवारी वरच्या आळीतल्या एकीनं ते तिच्याकडून मागून घेतलं. तीही शहाणी मुलगी. तिनंही बाईंचा शब्द पाळून पुस्तक चुलीवरच ठेवलं, आजीच्या सोवळ्याच्या चुलीवर. दुसऱ्या दिवशी आजीनं सोवळ्यात वर हात घातला, हाताला बांगड्याचा वास आला आणि त्या घरात जे व्हायचं ते झालं. सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं. रांधलेलं गाईला घातलं. पुस्तक अंगणाकडे भिरकावलं. ते सोप्यावर पडलं म्हणून वाचलं, नाहीतर पावसातच जायचं.

त्या मुलीचे वडील आमच्या चालक मंडळींपैकी. गड्यानं पुस्तक फडक्यात बांधून, काठीला अडकवून शाळेत आणलं. सोबत निरोप होता, बाकीचं दसऱ्याला बोलू.

मला आधी हसू आलं. काठीला लोंबकळणारं ते बोचकं बघून कुणालाही आलं असतं. मग निरोपातला दसरा आठवला. मुलींना पुस्तक कुठे ठेवायचं ते मी सांगितलं होतं. पण चूल काही सगळ्यांची सारखी नसते, हे आमच्या मुलखात जन्म काढून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मावशीनं कपाळाला हात लावला. "अगो, मी सांगत्ये ऐक. त्यांच्या घरी जा नि माफी माग. तुझं काय जातंय?"

"कुणाची मागू? त्यांची की बांगड्याची?" मी म्हटलं. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी माफी मागितली नाही, पण ट्रंक मात्र काढून पुसून ठेवली.

दसऱ्याला दीर सकाळीच आले आणि शाळेच्या पडवीत छत्री मांडीवर घेऊन बसले. आत मंडळी जमली. मास्तरांनी चाकूनं पट्ट्या कापल्या आणि एकेक कपाट उघडलं. वेखंडाचा वास सुटला. जशी रचली होती तशीच पुस्तकं, एकाही पानाला डाग नाही. मंडळी वाहवा म्हणाली. मास्तर खूश झालेले दिसले.

मग माझी पाळी. मी पुस्तकं टेबलावर मांडली. धुरानं पिवळी, कुठे हळदीचं बोट, कुठे समईच्या तेलाचा डाग, एकावर कुणाच्या धाकट्या भावानं पेन्सिलीनं काढलेली होडी. ते प्रवासाचं पुस्तक मी मुद्दाम लपवलं नाही. ज्यांच्या घरून ते काठीवर आलं होतं, त्यांनी पंचा नाकाशी धरला. "हे ग्रंथालय आहे की कुणाचं स्वयंपाकघर? मास्तरांची कपाटं बघा नि हे बघा. मला वाटतं, वेगळं सांगायला नको."

मला बाहेर दिरांचं खाकरणं ऐकू आलं. माझ्या डोळ्यांसमोर ती चूल आली, तो वर्तमानपत्राचा तुकडा आला.

मास्तर उठले. त्यांनी ते पुस्तक उचललं. आधी पुढची थोडी पानं दाबली, मग मागची, आणि मध्यावर उघडलं. वास घेतला. तपकिरीनं गेलेल्या त्यांच्या नाकाला तो कितपत आला कोण जाणे. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "इतकी वर्षं मी कपाटं निजवली. पावसाळ्यात एक तक्रार आली नाही माझ्याविरुद्ध. पुस्तक कुणी घरी नेलंच नाही, तर तक्रार कुठून यायची? माझ्या कपाटांना माणूस लागत नाही. या कपाटाला लागेल."

एवढं बोलून ते खाली बसले आणि तपकिरीची डबी शोधायला लागले. मंडळींत बरीच कुजबुज झाली. शेवटी ठरलं ते असं: नोकरी कायम नाही, काढूनही टाकायचं नाही. उमेदवारी पुढच्या दसऱ्यापर्यंत, आणि पुन्हा तक्रार आली तर त्याच दिवशी बंद.

मोठ्या बाईंनी पडवीत जाऊन दिरांना सांगितलं. मी दाराआड होते. दीर समोरच्या भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "बरं तर. पुढच्या दसऱ्याला येतो." छत्री उचलून ते चालू लागले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, मला नुसतं वर्षभर पुढे ढकललंय.

मंडळी गेल्यावर मी पुस्तकं कपाटात लावत होते. दारात ती बंदराकडची मुलगी उभी होती. आत येईना. सोन्याची पानं द्यायला आली असेल म्हणून मी हात पुढे केला, तर तिचे हात रिकामे.

"बाई, मी आता पुस्तक न्यायची नाय," ती म्हणाली. "आयशीनं सांगितलान, परत घरात आणू नको. त्यापायी बाईंना घालवतील."

माझी नोकरी धोक्यात आहे हे तिच्या आईला कळलं होतं, आणि तिनं आपण होऊन माझ्यासाठी लेकीचं वाचन बंद केलं होतं. मला एवढा राग आला की कुणावर काढावा ते सुचेना. मी ते जाड पुस्तक कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं नाही, सरळ तिच्या हातात दिलं.

"घालवायचं झालं तर पुढच्या दसऱ्याला घालवतील," मी म्हटलं. "तोवर उरलेलं अर्धं वाचून होईल ना तुझं?"