ज्वारीच्या पोत्यावरची जगत्सुंदरी

जगत्सुंदरी व्हायचं माझं हुकलं ते केवळ ज्वारीच्या पोत्यामुळं. रूप, रंग, उंची या बाकीच्या किरकोळ अडचणी होत्या.

तेव्हा जळकोटात आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही एकच, तोही शेजारी. एकदा त्यावर जगभरच्या पोरींची सौंदर्यस्पर्धा लागली आणि सगळ्या बायका भाकरी थापायच्या सोडून बघायला बसल्या. आमच्या काकूला तो सरळ मुलगी बघायचा कार्यक्रमच वाटला. एक पोरगी लई उंच, हिला जोडा कुठनं मिळायचा. दुसरी गोरी हाय, पर ज्वारी काढताना चक्कर यायची! (मुकुट कुणाला मिळाला ते आठवत नाही. काकूनं मात्र चुलतभावासाठी एक पसंत करून टाकली होती.)

"ह्याबी चालूनच दावत्यात, इचारलं की बोलत्यात. आपल्यावानीच की, नुसते पोहे न्हाईत," काकू म्हणाली. "बघ, मान कशी वर हाय."

हा टोमणा मला होता. खाली मान घालून चालते, विचारलं तर बोलत नाही, म्हणून मला दोन स्थळांनी नाकारलं होतं. आता आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे पाहुणे यायचे होते. मुलगा मास्तर. त्याला मी तामलवाडीच्या एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझा जीव त्याच्यातच अडकला होता. हे घरात सांगायची अर्थातच सोय नव्हती. मग काय, काकूची शिकवणी लावली आणि डोक्यावर तांब्या ठेवून ओसरीत फेऱ्या मारत सुटले.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "सैपाक येतो का गं?"

मी मान वर केली, टीव्हीतल्या पोरींसारखी हसले आणि म्हणाले, "मला जगातल्या सगळ्या भुकेल्या लेकरांसाठी काहीतरी करायचंय."

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातातली बशी कलली.

"कर की. आदी आमच्या घरच्या चौघांचं कर," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं, जरा चालून दाव."

चालले. एक हात कमरेवर, मान वर. (मान वर असली की खालचं काही दिसत नाही, हे काकूनं शिकवलंच नव्हतं!) भिंतीपाशी जाऊन झोकात गिरकी घेतली, तर पदर तिथं ठेवलेल्या अर्धवट शिवलेल्या पोत्यातल्या दाभणात अडकला. पोतं माझ्यासकट आडवं, ज्वारी ओसरीभर! मला धरायला धावलेला मुलाचा मामा त्या ज्वारीवरून घसरला आणि माझ्या शेजारीच येऊन बसला.

"पोरगी नेहमी अशीच चालती का वो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"न्हाय वो, एरवी सरळ चालती," दादा कसेबसे म्हणाले.

हेही स्थळ गेलं, म्हणून मला रडूच फुटलं. तेवढ्यात मुलगा उठला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि ओंजळीनं ज्वारी भरू लागला. वर न बघताच म्हणाला, "आई, मला पसंत हाय."

आज सासूबाई नाहीत, काकूही नाही. त्या ओसरीची फार आठवण येते. परवा लेकीनं मोबाईलवर तसलीच स्पर्धा लावली, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, थांब, खरी चाल कशी असते ते दाखवते. पदर खोचून उभी राहिले. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि उठून आधी ज्वारीचं पोतं आत ओढून ठेवलं.